खेतवाडी ते अजिंठा: साक्षीभावाचा एक प्रवास

राग, भय, शोक, हर्ष अशा भावना मनात जशा उठतात तशा पाहाव्यात, त्यांच्यात वाहून जाऊ नये आणि त्यांना दडपूही नये, अशी शिकवण देणाऱ्या परंपरा भारतात अनेक आहेत; परंतु या पाहण्यामागे कोणी पाहणारा आहे की नाही, या प्रश्नावर त्यांचे कधीच एकमत झालेले नाही. हा मतभेद ग्रंथांत जितका सापडतो तितकाच तो महाराष्ट्राच्या नकाशावरही सापडतो, आणि मुंबईच्या एका गल्लीतून निघून लोकलने, घाट चढणाऱ्या रेल्वेने व शेवटी एस.टी.ने अजिंठ्यापर्यंत जाणाऱ्या प्रवाशाला तो एका सलग वाटेवर भेटतो.

या वाटेची सुरुवात गिरगावाजवळच्या खेतवाडीत करणे सोयीचे आहे. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या येथील गल्ल्या आज गणेशोत्सवातील भव्य मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत, आणि गर्दी, हातगाड्या व दुकानांच्या पाट्या यांतून वाट काढताना ध्यानाचा विचार सुचावा असे तेथे काहीही नाही. तरीही याच वस्तीत मारुती शिवरामपंत कांबळी, म्हणजेच निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१), विड्यांचे दुकान चालवीत होते, आणि घराच्या पोटमाळ्यावरील लहानशा खोलीत जमलेल्या लोकांशी मराठीत बोलत होते. त्यांचे गुरू सिद्धरामेश्वर महाराज हे इंचगिरी परंपरेतील होते. मॉरिस फ्रीडमन या मूळ पोलिश अभियंत्याने येथील संवादांचे इंग्रजी रूपांतर केले आणि ते ‘आय ॲम दॅट’ या नावाने १९७३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर या खोलीत परदेशी माणसांची ये-जा वाढली. हेच फ्रीडमन औंध संस्थानातील स्वराज्याच्या घटनेच्या कामातही होते, ही गोष्ट अध्यात्माच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते आणि राजकीय इतिहासाच्या वाचकांना खेतवाडी ठाऊक नसते.

निसर्गदत्तांच्या बोलण्यातील साक्षी हा अद्वैत वेदान्तातील साक्षी आहे. वेदान्तात साक्षी म्हणजे असे चैतन्य, की ज्याच्या प्रकाशात मनाच्या वृत्ती, म्हणजे विचार व भावना, जाणल्या जातात, पण जे स्वतः त्या वृत्तींमध्ये भाग घेत नाही. मुंडकोपनिषदातील एकाच झाडावरचे दोन पक्षी, त्यांपैकी फळ खाणारा एक आणि न खाता नुसता पाहणारा दुसरा, हे या कल्पनेचे प्रसिद्ध चित्र होय. सांख्यांचा पुरुष आणि पतंजलीच्या योगसूत्रांतील द्रष्टा हेही त्याच कुळातले. जे जे दिसते ते पाहणाऱ्यापासून वेगळे असते, क्रोध दिसतो, म्हणून क्रोध म्हणजे पाहणारा नव्हे, असा हा युक्तिवाद आहे, आणि तो समजायला सोपा असल्यामुळेच त्याचा गैरवापरही सोपा होतो. राग शरीराला व मनाला आला, आपण मात्र निर्लेप साक्षी आहोत, असे सांगत फिरणारी माणसे सत्संगांच्या परिसरात कमी नसतात. अशा साक्षीदाराची उलटतपासणी त्याच्या घरातल्या मंडळींनी घेतली, तर त्याची जबानी टिकणे कठीण. निसर्गदत्तांना हा धोका माहीत होता असे त्यांचे संवाद वाचताना जाणवते, कारण ते साक्षीपाशी थांबू देत नाहीत: ‘मी आहे’ ही जाणीव धरून बसा असे सांगणारा हा गुरू पुढे ती जाणीवही देहाबरोबर आलेली व देहाबरोबर जाणारी आहे असे म्हणतो, आणि साक्षीभाव हा मुक्काम नसून ओलांडायचा टप्पा ठरवतो. मराठीत हा विचार नवा नाही. चांगदेवाला लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत ज्ञानेश्वरांनी द्रष्टा, दृश्य आणि दर्शन या त्रिपुटीचाच निरास केलेला आहे, आणि पाहणारा जेथे वेगळा उरतो तेथे ते समाधान मानत नाहीत.

या उत्तराहून अगदी वेगळे उत्तर पश्चिम रेल्वेवरील नालासोपारा स्थानकापासून थोड्या अंतरावर आहे. जुने सोपारा, पाली ग्रंथांतील सुप्पारक, हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथील बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले तेव्हा आत स्तूप व त्यातील अवशेषपात्रे सापडली, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच गावातून मिळाला. आज चहूबाजूंनी इमारती उठलेल्या या परिसरात विटांचा तो उंचवटा पाहायला फारसे कोणी येत नाही. पण ध्यानाच्या इतिहासात सोपाऱ्याचे नाव एका माणसामुळे राहिले आहे. उदान या पाली ग्रंथात बाहिय नावाच्या तपस्व्याची कथा आहे: हा सुप्पारकाचा रहिवासी आपण अर्हत, म्हणजे आसक्तीतून पूर्ण मुक्त, झालो आहोत की काय अशा समजुतीत होता, ती समजूत दूर झाल्यावर तो थेट श्रावस्तीपर्यंत चालत गेला, आणि भिक्षेसाठी निघालेल्या बुद्धाला त्याने रस्त्यातच अडवून उपदेश मागितला. दोनदा नकार दिल्यानंतर बुद्धाने त्याला जे सांगितले त्याचा आशय असा, की पाहिलेल्यात केवळ पाहिलेले असू द्यावे, ऐकलेल्यात केवळ ऐकलेले आणि जाणलेल्यात केवळ जाणलेले. असे झाले म्हणजे तेथे ‘तू’ उरणार नाहीस, आणि दुःखाचा अंत तोच.

खेतवाडी आणि सोपारा यांच्यातील अंतर येथे स्पष्ट होते. एका ठिकाणी दृश्य गळून पाहणारा उरतो, निदान बराच काळ उरतो. दुसऱ्या ठिकाणी पाहणे उरते आणि पाहणाऱ्याची जागा सुरुवातीपासूनच रिकामी ठेवली जाते. बौद्ध मताप्रमाणे कायमचा साक्षी ही ‘मी’ची फार सूक्ष्म, म्हणून फार चिवट आवृत्ती आहे. हा वाद तर्काने सुटेल असे दिसत नाही, आणि दोन हजार वर्षांत तो सुटलेलाही नाही. पण साधनेच्या खोलीत तो कसा उतरतो हे पाहण्यासाठी मध्य रेल्वेने इगतपुरीला जावे लागते.

कसाऱ्यापासून थळ घाट सुरू होतो. ३७ फुटांत एक फूट असा चढ असलेल्या या घाटातून १८६५ मध्ये रेल्वे सुरू झाली, आणि जड गाड्यांना मागून रेटण्यासाठी कसाऱ्याला बँकर इंजिने जोडण्याची पद्धत या मार्गाची ओळख बनली. बोगदे, दऱ्या आणि पावसाळ्यात डब्याच्या खिडकीपर्यंत येणारे ढग संपले की इगतपुरी येते, आणि गाव ओलांडून डोंगराच्या कुशीत गेले की धम्मगिरी. सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) यांनी उभारलेल्या या केंद्रात १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे भरतात. विपश्यना म्हणजे वस्तू जशी आहे तशी विशेष रीतीने पाहणे. गोयंकांच्या पद्धतीत ही वस्तू म्हणजे स्वतःच्या शरीरावर उमटणाऱ्या संवेदना.

गोयंका मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. अर्धशिशीच्या असह्य दुखण्यावर उपाय म्हणून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा डोकेदुखी बरी करण्यासाठी धम्माचा वापर करू नये असे सांगून ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नाकारले, आणि हेतू बदलल्यावर १९५५ मध्ये शिबिरात घेतले. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल असलेल्या या गुरूकडून शिकलेली विद्या घेऊन गोयंका १९६९ मध्ये भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईत त्यांनी पहिले शिबिर घेतले. डोकेदुखीचा हा प्रसंग त्यांच्या अनुयायांत वारंवार सांगितला जातो तो गुरूच्या मोठेपणासाठी. पण त्यात साधनेचा गाभाही आहे, कारण वेदना जावी म्हणून वेदनेकडे पाहणारा माणूस वेदनेकडे पाहत नसतो, तिच्या जाण्याची वाट पाहत असतो.

शिबिरार्थींच्या आवारात पाहुण्यांना मुक्त प्रवेश नसतो, त्यामुळे या प्रदेशाचा खरा प्रवास दहा दिवसांच्या शिबिरातूनच करावा लागतो. फोन, पुस्तके, वही-पेन सुरुवातीलाच जमा होतात. पंचशीलाची प्रतिज्ञा होते, स्त्री-पुरुषांची व्यवस्था वेगळी असते, आणि आर्य मौन, म्हणजे बोलणेच नव्हे तर खाणाखुणाही टाळणारे मौन, दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत पाळले जाते. पहाटे ४ वाजता घंटा वाजते आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात; मधल्या वेळेत सुमारे दहा तास बैठक असते. शुल्क नसते, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानातून पुढच्यांचा खर्च चालतो. पहिले तीन दिवस आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या नैसर्गिक श्वासाचे अवधान, आणि चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायांपर्यंत संवेदना पाहत जाणे, असा क्रम आहे.

भावनांचे निरीक्षण या विषयाची अपेक्षा ठेवून येणाऱ्याला येथे पहिला धक्का बसतो तो हा, की भावनांविषयी जवळजवळ काही सांगितलेच जात नाही. गोयंकांचे उत्तर त्यांच्या एका प्रसिद्ध दृष्टान्तात आहे: राग आला की आठवण करून देण्यासाठी एखाद्याने खासगी सचिव नेमला, तर ऐन रागात तो सचिवावरच धावून जाईल. शिवाय आठवण झाली तरी अमूर्त रागाकडे पाहायचे कसे, हा प्रश्न राहतोच, कारण रागाकडे पाहायला गेलेले मन रागाच्या कारणाकडे, म्हणजे त्या माणसाकडे व त्या प्रसंगाकडे, जाऊन पोहोचते आणि आग आणखी भडकते. परंतु राग उठताच श्वासाची लय बदलते आणि शरीरात काहीतरी घडू लागते: कानशिले तापतात, जबडा आवळतो, छातीत दाब येतो. या गोष्टी अमूर्त नाहीत, त्यांना नाव-गाव नाही, त्यांच्यापाशी थांबता येते. भावनेपासून अलिप्त होण्याचा हा मार्ग भावनेपासून दूर नेत नाही, तर तिच्या इतक्या जवळ नेतो की तिची कथा मागे पडते आणि तिचे द्रव्य उरते.

यामागचे शास्त्र पाली परंपरेत नेमके मांडलेले आहे. वेदना या पाली संज्ञेचा अर्थ येथे दुखणे असा नसून सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला अनुभवाचा स्वाद असा आहे. प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे एक कारण असता दुसरे कार्य उपजते अशी जी साखळी बुद्धाने सांगितली, तीत वेदनेतून तृष्णा उपजते. सुखद स्वादाला मन चिकटते, दुःखद स्वादाला ते ढकलते, आणि याच प्रतिक्रियेला संस्कार म्हणतात. साखळीत खंड पाडण्याची जागा वेदना आणि तृष्णा यांच्यामध्येच आहे, असे या परंपरेचे म्हणणे. संयुक्त निकायातील दोन बाणांचा दृष्टान्त हेच सांगतो: देहाला लागणारा पहिला बाण ज्ञानी माणसालाही चुकत नाही, पण त्यावर चडफडून मन स्वतःला जो दुसरा बाण मारून घेते तो चुकवता येतो.

चौथ्या दिवसापासून अधिष्ठान नावाची तासाभराची बैठक सुरू होते, जीत हात व पाय न हलवण्याचा आणि डोळे न उघडण्याचा निश्चय असतो, आणि दोन बाणांची ही गोष्ट गुडघ्यात कळते. अर्ध्या तासानंतर जे ‘दुखणे’ म्हणून एकसंध वाटत होते, त्यात दाब, उष्णता, ठणका, ताण असे वेगवेगळे धागे दिसू लागतात, ते बदलत राहतात, आणि असह्यतेचा मोठा भाग गुडघ्यात नसून ‘अजून किती वेळ’ या प्रश्नात होता हे ध्यानात येते. या बदलत राहण्याला अनित्यता म्हणतात आणि ती पाहत असताना न डगमगणाऱ्या मनःस्थितीला समता. शोक, जुने अपमान, लाज या गोष्टीही याच दिवसांत वर येतात. सभागृहात कोणाच्या हुंदक्यांचा आवाज येतो, कोणी त्याच्याकडे वळून पाहत नाही, आणि हे न पाहणे सुरुवातीला निष्ठुर वाटते.

पण नाट्यमय भावनांपेक्षा येथे फार मोठा वाटा कंटाळ्याचा असतो. अकरा वाजता जेवण झाले, की संध्याकाळी पाचला फळ व चहा मिळेपर्यंतचा वेळ पसरत जातो, आणि भिंतीवरची पाल, बाहेरचा पाऊस, शेजाऱ्याचे खोकणे यांना विलक्षण महत्त्व येते. क्रोधाचे निरीक्षण करण्याची हौस असलेल्या माणसाला कंटाळ्याचे निरीक्षण करणे कमीपणाचे वाटते, आणि नेमकी तीच भावना त्याच्या हातून निसटते. साधनेवरची पुस्तके कंटाळ्याला फारशी जागा देत नाहीत. प्राचीनांनी मात्र दिली होती, हे अजिंठ्यात दिसते.

या पद्धतीवरचे आक्षेपही नोंदवायला हवेत. संवेदनांवरच इतका भर देणे हे स्मृतिप्रस्थान सुत्ताच्या व्याप्तीपेक्षा अरुंद आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, कारण त्या सुत्तात काया व वेदना यांच्याबरोबर चित्ताचे स्वतंत्र निरीक्षणही सांगितले आहे: रागयुक्त, म्हणजे आसक्तीने भरलेले, चित्त असेल तर ते रागयुक्त आहे, संकुचित असेल तर संकुचित आहे, एवढे जाणायचे, आणि तेथे ते हाकलून देण्याची सूचना नाही. दुसरे असे, की प्रत्येक मनाला एवढे मौन झेपत नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये असे केंद्राच्या नियमावलीतच म्हटले आहे, आणि उत्साही मित्रांच्या आग्रहात हा नियम विसरला जातो. तिसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेल्या विसुद्धिमग्गात बुद्धघोषाने समतेचे दोन प्रकारचे शत्रू सांगितले आहेत: लोभ व द्वेष हे दूरचे शत्रू, तर अज्ञानातून आलेली बेफिकिरी हा जवळचा शत्रू. जवळचा म्हणण्याचे कारण, तो समतेसारखाच दिसतो. ज्याला काही जाणवतच नाही तो शांत असतो, आणि ज्याला सर्व जाणवूनही जो ओढला जात नाही तोही शांत असतो. बाहेरून फरक ओळखू येत नाही. भावनेचा तपशील सांगता येतो की नाही, ही कदाचित त्यातल्या त्यात विश्वासार्ह कसोटी आहे, कारण बेफिकीर माणसाकडे तपशील नसतो. दहाव्या दिवशी मौन सुटण्याच्या वेळी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांच्या कल्याणाची भावना करणे, शिकवली जाते, ती या शत्रूवरचा उतारा म्हणूनच असावी.

इगतपुरीहून हाच लोहमार्ग नाशिक, मनमाड करत जळगावला जातो, आणि तेथून सुमारे साठ किलोमीटरवर अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, हे ठाऊक नसल्याने फाट्यावरून परत फिरणारे प्रवासी दर आठवड्याला दिसत असावेत. वाघोरा नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेल्या या लेण्यांत बहुतेक पाहुणे पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करतात, त्यामुळे सव्विसाव्या लेण्यापर्यंत पोहोचताना पाय आणि उत्साह दोन्ही थकलेले असतात. या विषयाच्या दृष्टीने मात्र तेच सर्वांत महत्त्वाचे. अश्मक देशाच्या भव्विराज या मंत्र्याशी स्नेह असलेल्या बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने पाचव्या शतकात कोरवून घेतलेल्या या चैत्यगृहाच्या डाव्या भिंतीवर दोन भव्य शिल्पपट आहेत: महापरिनिर्वाण आणि मारविजय.

मार हा बौद्ध कथांतील मोहाचा अधिपती. शिल्पात बुद्ध भूमिस्पर्श मुद्रेत बसला आहे, भोवती माराची सेना उसळली आहे आणि खाली त्याच्या कन्या नाचत आहेत. पाली ग्रंथांत या तीन कन्यांची नावे तण्हा, अरति आणि रगा अशी आहेत, म्हणजे तृष्णा, अरुची आणि आसक्ती. इगतपुरीतल्या दुपारचा कंटाळा अशा रीतीने येथे माराच्या घरची मुलगी ठरतो. विशेष म्हणजे संयुक्त निकायातील बहुतेक मारकथांत युद्ध होतच नाही. मार कधी हत्ती होऊन, कधी शेतकरी होऊन येतो, बुद्ध त्याला ओळखतो, आणि आपण ओळखले गेलो हे कळताच मार खिन्न होऊन नाहीसा होतो. तो मरत नाही, पुन्हा येतो आणि पुन्हा ओळखला जातो. बोधीनंतरही येतो, यातच या कथाकारांचा प्रामाणिकपणा आहे.

शेजारच्या पटात सुमारे ७ मीटर लांबीचा बुद्ध उजव्या कुशीवर पहुडला आहे, वर स्वर्गीय आकृती आहेत, आणि शय्येच्या खाली शोक करणाऱ्या शिष्यांची रांग आहे. महापरिनिब्बान सुत्तात या प्रसंगी वीतराग भिक्षू, म्हणजे आसक्ती संपलेले भिक्षू, अनित्यतेचे स्मरण ठेवून शांत राहिले, आणि बाकीचे हात उंचावून रडले, असे वर्णन आहे. शिल्पकाराने प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या पातळीवर रडणारे ठेवले आहेत, आणि हा निर्णय मोलाचा वाटतो. त्या रडणाऱ्यांत परंपरेने सर्वांत ठळक केलेला आनंद आहे: पंचवीस वर्षे बुद्धाची सेवा करूनही अर्हत न झालेला, दाराला टेकून रडणारा. बुद्धाने त्याला बोलावून घेतले, समजावले आणि भिक्षूंसमोर त्याची स्तुती केली. रडल्याबद्दल त्याची निर्भर्त्सना केल्याचे कोठेही नाही.

आनंद पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीच्या, म्हणजे भिक्षूंच्या सभेच्या, आदल्या रात्री अर्हत झाला, रात्रभर साधना करून थकल्यावर अंथरुणावर आडवा होत असताना, डोके उशीला टेकण्याआधीच. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात याच संगीतीत वडीलधाऱ्या भिक्षूंनी त्याच्यावर ठेवलेले आरोप नोंदलेले आहेत, आणि त्यांपैकी एक असा, की त्याने बुद्धाच्या पार्थिवाचे पहिले दर्शन स्त्रियांना घेऊ दिले आणि त्यांच्या अश्रूंनी ते पार्थिव मळले. त्या सभेत आता सर्व आसक्ती संपलेला मानला जाणारा आनंद उत्तर देतो, की स्त्रियांना घरी परतायला उशीर होऊ नये म्हणून त्याने तसे केले. यात त्याला दोष दिसत नाही, परंतु वडीलधाऱ्या भिक्षूंवरील श्रद्धेपोटी तो हा दोष मान्य करतो.